बोर्डावरचा डोळा

सौंसर,
२२ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडचा माणूस परवा शालिकराम गावंडेच्या घरी आला. साक्षगंधात तुझ्या विजयला दिलेली अंगठी आणि सुटाचे कापड त्याने ओसरीवर ठेवले, आणि वंदनाला तुम्ही नेसवलेली साडी परत मागितली. या पत्राचे कारण एवढेच.

का, असे विचारले तर तो म्हणाला, “मले फक्त पोचवाले सांगितलं.” वंदनाची आई देवकाबाई रडत रडत साडी आणायला आत गेलीही होती. मी वेळेवर पोहोचले. साडी मिळणार नाही, आधी लग्न मोडण्याचे कारण लेखी पाठवा, असे सांगून मी त्याला परत पाठवले. शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून सगळे ऐकत होत्या.

रजनी, तू माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी आहेस आणि वंदना माझी विद्यार्थिनी. हे स्थळ मी जुळवले. दोन्हीकडे शब्द माझा गेला. घेण्यादेण्यावरून काही बिनसले असेल तर तसे लिही. तुझे दीर भगवंतराव यांची काही हरकत असेल तर त्यांनी स्वतः लिहावे. पाठीमागून माणूस पाठवणे तुमच्या घराला शोभत नाही.

तसे मी गेल्या आठवड्यात पांढुर्ण्यातच होते. महिला मंडळाच्या आरोग्य प्रदर्शनात आमच्या सौंसरच्या नेत्रशिबिराचे फोटो मांडले. रामाकोन्याचा अरविंद, माझाच जुना विद्यार्थी, नागपुरात डोळ्यांचा डॉक्टर आहे. शिबिरात त्याने डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणला होता. आधी डोळ्यात थेंब टाकतात, बुबुळ मोठे होते, मग खुर्चीत बसवून हनुवटी टेकवायची आणि एकदम लख्ख उजेड पडतो. लोक घाबरले. फोटो काढला की नजर कमी होते, अशी अफवा कोणीतरी सोडलीच होती. म्हणून आधी मी स्वतः खुर्चीत बसून दाखवले, आणि मग वंदनाला बसवले. लग्न ठरलेली मुलगी बसली हे पाहून बाकीचे आले. फोटोत डोळा अगदी सोललेल्या संत्र्यासारखा दिसतो. बायका हसत होत्या, की बाई, आमच्या डोळ्यातही संत्रंच निघालं.

तू गावात असून प्रदर्शनाला आली नाहीस याचे नवल वाटले. माझा खांदा दुखतो आहे. कामाला येणारी बाई कपाट रोज थोडे सरकवते की काय, मी त्यावर आपटतेच.

उत्तर ताबडतोब पाठव.

तुझी,
नलूताई

—

पांढुर्णा,
२७ फेब्रुवारी १९८८

ती. नलूताईस,
सा. न.

तू लिहितेस की मी प्रदर्शनाला आले नाही. मी आले होते ताई. तुझ्या उजव्या हाताला, पदराला पदर लागेल इतक्या जवळ उभी होते. तू वळून पाहिलं नाहीस. मी हाकही मारली नाही. मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचं नाही. आणि का बोलायचं नाही, तेही लगेच कळलं, कारण मी बोर्डाकडे पाहिलं.

तुझंच अक्षर. एका फोटोखाली ‘निरोगी डोळा’ आणि नाव. दुसऱ्याखाली ‘रोगी डोळा : काचबिंदू’, आणि खाली ‘कु. वंदना शालिकराम गावंडे’. मी तिथून निघणार तोच भाऊजी आले. ते चष्मा लावून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात, तुला ठाऊक आहे. त्यांनी ती पाटीही मोठ्यानं वाचली, आणि मग मला विचारलं, “वहिनी, ही आपलीच नं?”

ताई, तिथे आमच्या गल्लीतल्या बायका होत्या, मंडळाच्या होत्या, संत्र्याच्या व्यापारातल्या लोकांच्या घरच्या होत्या. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

घरी येताना भाऊजी म्हणाले, “नलूताई मास्तरीण बाई हाय. तोंडानं सांगाची लाज वाटली असन, त बोर्डावर लिहून सांगितलं.” मलाही तसंच वाटलं. तुझा राग आला आणि तुझे उपकारही वाटले. मुलीला दोष आहे हे ठाऊक असून तू शब्द टाकलास, पण शेवटी लपवलं नाहीस. माणूस पाठवला त्यात चूक झाली. पण काय तोंड घेऊन येणार होते मी?

काचबिंदूनं माणूस आंधळं होतं म्हणे, आणि तो आईकडून मुलांतही उतरतो. विजयनं सगळं ऐकलं. जेवला आणि दुकानावर गेला.

साडी राहू दे वाटल्यास. भाऊजी मागतात, मी मागत नाही.

तुझी,
रजनी

—

सौंसर,
२ मार्च १९८८

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले.

मी तुम्हाला काही कळवण्यासाठी तो बोर्ड लावला नव्हता. शाळेत आयुष्यभर मी निकाल नावासकट लावला. पास झालेल्याचे नाव आणि नापास झालेल्याचेही. नावाशिवाय निकाल म्हणजे अर्धवट काम, असे मीच नव्या मास्तरणींना शिकवले. फोटोखाली नाव लिहिताना माझा हात एकदाही थांबला नाही. त्या बोर्डासमोरून लग्नघरची माणसे जातील, हे मनातच आले नाही. याची मला लाज वाटते, आणि ती मी लेखी देते.

आणखी एक सांगायचे आहे. फोटो आले तेव्हा सोबत अरविंदची चिठ्ठी होती, की पहिला फोटो काचबिंदूचा दिसतो, पेशंटला लगेच नागपूरला पाठवा. मी त्याच दिवशी देवकाबाईला सांगितले. ते लोक गेले नाहीत. लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू, असे म्हणाले. मला राग आला होता. त्या रागाचा अंश बोर्ड लिहिताना माझ्या हातात होता की नाही, हे मी आता स्वतःला विचारते आहे. नव्हता, असे मला म्हणता येत नाही.

काल मी त्यांच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते, आणि त्यांनाच बोलून आले. दोष आधीपासून ठाऊक असून स्थळ जुळवताना तुम्ही मला का सांगितला नाही, असे मी शालिकरामला विचारले. देवकाबाई म्हणाली, “बाई, तुमी म्हणता त असन. आमाले त काई दिसलं नाई तिच्या डोयात.” वंदना ब्लाउजला काजे करत होती. मान वर न करता म्हणाली, मला सगळं नीट दिसते. मी म्हटले, या रोगात शेवटपर्यंत तसेच वाटते, म्हणून तर तो वाईट. तुझ्या म्हणण्यापेक्षा फोटोवर माझा विश्वास जास्त आहे.

फोटोत गोंधळ होण्याचे कारण नाही. माणसे ज्या क्रमाने खुर्चीत बसली त्याच क्रमाने मी मागे नावे लिहिली. पहिली वंदना, दुसरा रामाकोन्याचा कवडू, आणि तसेच पुढे. शेवटी एक फोटो उरला. अरविंदच्या हातून बटण दोनदा दाबले गेले असेल, म्हणून तो पाकिटात तसाच ठेवला.

वंदनाला मी नागपूरला नेणार आहे. वेळेवर औषध सुरू झाले तर नजर टिकते. तोवर तुम्ही दुसरीकडे शब्द देऊ नये, एवढी माझी विनंती आहे. ही विनंतीच आहे. पहिल्या पत्रातला सूर परत घेते.

तुझी,
नलूताई

—

नागपूर,
१९ मार्च १९८८

आदरणीय बाईंस,
शि. सा. न.

वंदना वडिलांबरोबर काल येऊन गेली. बाईंबरोबर यायचे नव्हते, असे ती म्हणाली. मी कारण विचारले नाही.

तिचे दोन्ही डोळे पूर्ण निरोगी आहेत. दाब पाहिला, बाजूची नजर तपासली, पडद्याचा फोटो पुन्हा काढला. कुठेही काही नाही.

मग मी शिबिराचा रोल काढून बसलो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. वंदनाचा कालचा फोटो शिबिराच्या पहिल्या फोटोशी जुळत नाही. दुसऱ्याशी तंतोतंत जुळतो, म्हणजे ज्याच्यामागे तुम्ही कवडूचे नाव लिहिले त्याच्याशी.

बाई, त्या दिवशी सगळ्यांत आधी खुर्चीत तुम्ही बसला होतात. मी कॅमेऱ्यात फिल्म भरून ठेवली होती आणि तुमचा फोटो खरोखरच काढला होता. तुम्ही नुसते बसून दाखवताय असे तुम्हाला वाटले असेल. चूक माझीही आहे. फोटोंवर नावे घालून पाठवणे माझे काम होते. परदेशात आता असे यंत्र निघाले आहे की फोटो थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतो आणि नाव तिथल्या तिथे त्यावर उमटते. आपल्याकडे ते यायला अवकाश आहे. तोवर नाव माणसालाच घालावे लागेल, आणि ते मी तुमच्यावर सोडले.

डोळ्याच्या मज्जातंतूचे, म्हणजे त्या संत्र्याच्या देठाच्या जागेचे, काठ पहिल्या फोटोत बरेच पोखरले गेलेले आहेत. चालताना एका बाजूला धक्के लागतात का? बाजूने आलेले माणूस एकदम समोर उभे राहिल्यासारखे वाटते का?

कृपा करून पत्राचे उत्तर लिहीत बसू नका. मिळेल त्या गाडीने या.

आपला विद्यार्थी,
अरविंद

—

सौंसर,
२८ मार्च १९८८

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद.

तो डोळा माझा आहे.

अरविंदचे पत्र सोबत पाठवते, ते वाच आणि भगवंतरावांनाही वाचू दे, मोठ्याने वाचले तरी चालेल. मी नागपूरला जाऊन आले. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. एका वाटोळ्या यंत्रात डोके घालून बसवले आणि उजेडाचा ठिपका दिसला की सांगा म्हणाले. मी बराच वेळ गप्प बसले होते. मला वाटले अजून सुरूच केले नाही. ठिपके केव्हाचे येत होते.

जी नजर गेली ती परत येत नाही. थेंब जन्मभर घालायचे. कपाट कोणी सरकवत नव्हते. त्या बाईला मी उगीच बोलत होते.

प्रदर्शनात तू माझ्या उजव्या हाताला उभी होतीस. मी तुला टाळले नाही, रजनी. मी तुला पाहिलेच नाही.

चूक कशी झाली ते तुझ्या ध्यानात आले असेलच. खुर्चीत पहिली मी बसले, पण मोजताना स्वतःला मोजले नाही. मी रोगी नव्हते, मी शिबिर घेणारी होते. त्यामुळे प्रत्येक नाव एका घराने सरकले. बोर्डावरचे एकही नाव खरे नव्हते. शेवटी उरलेला फोटोही फुकट गेलेला नव्हता, तो एका म्हाताऱ्याचा होता, आणि त्याच्या नावावर मी त्याच्या आधी बसलेल्याचा डोळा लावला होता. घरोघरी जाऊन सगळ्यांना सांगितले. कवडू म्हणाला, “बाई, म्हंजे मी इतके दिवस दुसऱ्याच्या डोयानं निरोगी होतो का?” तो आपल्या डोळ्यानेही निरोगीच आहे. माझे नशीब.

गेल्या गुरुवारी मी तुमच्या पांढुर्ण्यात येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही. महिला मंडळाची बैठक होती तिथे गेले. बोर्ड कधीच उतरवला होता, फोटोंखालच्या नावांच्या पट्ट्या अडगळीत होत्या. मी सगळ्यांसमोर फोटो धरून सांगितले, की हा डोळा माझा आहे, गावंड्यांच्या मुलीचा नाही, तिची बदनामी मी केली. मागे कोणीतरी हसले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, बसा, पाणी घ्या. मी पाणी न घेता निघाले. दाराशी पायरी दिसली नाही आणि पडले. उचलायला त्याच हसणाऱ्या बाया आल्या.

आता तुम्हाला नकाराचे कारण उरलेले नाही. काय ते कळव.

तुझी,
नलूताई

—

पांढुर्णा,
४ एप्रिल १९८८

ती. नलूताईस,
सा. न.

तुझ्या पत्रानं मी रडले. आधी तुझ्यासाठी रडले आणि मग, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटून रडले. मला ती मुलगी आवडली होती. साक्षगंधाच्या दिवशी तिनं माझ्या पायातला काटा किती हलक्या हातानं काढला होता.

भाऊजींना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, “गलती मास्तरणीची निघाली, पोरीचा काय दोष? जमवून टाका.” अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त अजून हाती आहे. विजयलाही विचारलं. तो म्हणाला, माझं तर तेव्हाही काही म्हणणं नव्हतं.

हनुमान जयंतीला आम्ही जामसांवलीला दर्शनाला आलो होतो. सौंसर तिथून किती जवळ. गावंड्यांकडे जावं असं फार मनात होतं, पण पाऊल उचललं नाही. अंगठी परत पाठवलेल्या घरी हात हलवत कसं जायचं? म्हणून तुझ्यावर सोपवते. तू आधी जा, त्यांचं मन वळव, आणि विजयची अंगठी तू स्वतः घेऊन ये. साडीचं तर काहीच करायला नको. ती तिच्याकडेच आहे. तू अडवून धरलीस ते बरंच झालं म्हणायचं.

थेंब वेळेवर घालत जा. पायऱ्या उतरताना कोणाचा तरी हात धर. तू धरणार नाहीस, पण मी लिहिते.

तुझी,
रजनी

—

सौंसर,
१२ एप्रिल १९८८

चि. सौ. रजनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र घेऊन मी गावंड्यांकडे गेले. वंदनाला वाचून दाखवले. देवकाबाईने तर लगेच देवापुढे साखर ठेवली. आधी मी वंदनाची माफी मागितली. या वेळी नीट मागितली, मध्ये कोणाला न रागावता.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “बाई, तो डोया तुमचा निघाला म्हणून तुमी आल्या. माहाच निघाला असता त?”

मुलांच्या प्रश्नाला मी नेहमी उत्तर दिले आहे, नाहीतर उद्या सांगते म्हटले आहे. या वेळी दोन्ही जमले नाही. तो डोळा तिचा असता तर मी बोर्ड बरोबर होता असे मानून स्वस्थ बसले असते. तुम्हालाही दोष दिला नसता, मनात म्हटले असते, त्यांचेही काय चुकले. तिला ते दिसले. माझी लाज आजवर चुकीचे नाव लिहिल्याची होती, रजनी. ती नाव लिहिल्याचीच असायला हवी होती. आंधळी होऊ घातलेली मुलगी असती तर तिला आधी माणसांची गरज होती, आणि मी तिला बोर्डावर लावले.

मी विषय बदलला. शिक्षक अडला की तेच करतो. म्हटले, विजयचे तेव्हाही काही म्हणणे नव्हते असे रजनीने लिहिले आहे. वंदना म्हणाली, “त्याचे डोये त चांगले होते नं बाई? त्याले काय दिसून राह्यलं होतं?”

देवकाबाईला हसू आले आणि मग ती पदर तोंडाला लावून बसली. शालिकराम उठून म्हणाला, “पोरगी म्हणते तसं.” एवढेच. आता चार गावांत मोडलेले लग्न म्हणून तिचे नाव फिरेल, नवे स्थळ येताना लोक विचारतील, ही देवकाबाईची भीती खोटी नाही. ती भीती त्यांच्या घरात मी नेऊन ठेवली. वंदना बी.ए.ची परीक्षा देणार आहे, फॉर्म तिने भरला आहे. मी शिकवू का असे विचारले. विचार करून सांगते म्हणाली.

तुझ्यावर तिचा राग नाही. काकूंना काट्याचा पाय बरा आहे का विचारा, असा तिचा निरोप आहे.

साडी तिने स्वतः आणून दिली. मी त्या दिवशी ती अडवून धरली होती, आज माझ्याच हाताने पोचवायची आहे. परवा सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर कोणाला तरी पाठव. मी हात धरीन.

तुझी,
नलूताई

—

पोच
१४ एप्रिल १९८८

सौ. रजनी हिच्या हाती, पांढुर्णा येथे: वंदनाच्या साक्षगंधाची हिरवी साडी, एकदा नेसलेली, धुऊन इस्त्री केलेली. साक्षगंधात तिच्या बोटात घातलेली अंगठी. विजयची अंगठी व सुटाचे कापड गावंड्यांकडेच राहिले.

डॉ. अरविंद याच्याकडे, रजिस्टर टपालाने: शिबिरातील इतरांचे फोटो, मागची सगळी नावे खोडून.

महिला मंडळाकडून ताब्यात घेतल्या: बोर्डावरच्या पट्ट्या. मंडळात जाळल्या, एक सोडून.

कु. वंदना हिच्या हाती, सौंसर येथे, संध्याकाळी: तिच्या उजव्या डोळ्याचा फोटो, अरविंदकडून मागवलेल्या फिल्मच्या तुकड्यासह, मागे काही न लिहिता. आणि ती एक पट्टी, ‘रोगी डोळा : काचबिंदू, कु. वंदना शालिकराम गावंडे’, माझ्या अक्षरात. ही तिने मागून घेतली. कशासाठी, ते मी विचारले नाही.

देणार: नलिनी देवघरे
घेणार: वंदना (वाचून सही केली)